बेतानं सर आणि अॅसिडची पंगत

आमचे सर अॅसिड ओतत नसत, वाढत असत. उजव्या हातात ड्रॉपर, डाव्या हातात त्याखाली धरलेली पांढरी फरशी, नजर टेस्ट ट्यूबच्या तळाशी. समोर तिसेक पोरंपोरी आपापली ट्यूब धरून रांगेत उभी. सर एकेकाला मोजून थेंब देत पुढं सरकायचे आणि प्रत्येकाला एकच शब्द ऐकवायचे, "बेतानं." कुणी धीर करून अजून दोन थेंब मागितलेच तर चष्म्यावरून बघायचे, "का? डब्यात भरून घरी न्यायचंय?" लातूरच्या त्या कॉलेजात त्यांना खरं नाव होतं, हजेरीपटावर ते लिहिलेलंही असायचं. पण अकरावीच्या पहिल्या आठवड्यापासून आमच्यासाठी ते बेतानं सरच. एकदा कॉलेजात आलेल्या एका तपासनीस बाईंनीसुद्धा "बेताने सर कुठे बसतात?" असं विचारलं होतं, तेव्हा सर स्वतःच उठून उभे राहिले.

मी आता निकेलच्या मातीत काम करते. ओडिशात आमचा एक छोटा चाचणी-कारखाना आहे. तिथल्या डोंगरांवरच्या लाल-पिवळ्या मातीत नावापुरतं निकेल असतं. ते सल्फ्युरिक अॅसिडात विरघळवून बाहेर काढायचं, एवढाच आमचा उद्योग. ऐकायला सोपं वाटतं. पण ती माती अॅसिड असं पिते की काढलेलं निकेल बघून त्यासाठी ओतलेल्या अॅसिडाचीच लाज वाटावी. बऱ्याच वर्षांपूर्वी याच एका कारणानं आमच्या कारखान्याला टाळं लागायची वेळ आली होती. माझी आठ वर्षं आणि चाळीस माणसांचं काम त्यात अडकलेलं होतं. तेव्हा मी मदतीला कुणाला बोलावलं हे आमच्या अहवालात लिहिता आलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मी मूळची कंधारची. वडील पोस्टात होते. दहावीला बरे मार्क पडले म्हणून मला लातूरला धाडलं. सर पोरांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए हदगाव, बर्नर कमी कर." "ए कंधार, तुझं काय चालू हाय?" एकाच गावची दोन पोरं असली तर थोरली कंधार आणि धाकटी कंधार. फक्त उदगीरच्या मुलाला ते नावानं बोलवायचे, कारण ते स्वतःच उदगीरचे. "मी मलाच कसं हाक मारू?" असं विचारायचे, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

माझी नि सरांची खरी ओळख झाली ती माझ्या एका पराक्रमामुळं. प्रॅक्टिकलला मला निकेलचा क्षार आला होता. शेवटी त्यात गुलाबी गाळ खाली बसला पाहिजे, की निकेल सापडलं. सर दुसऱ्या टेबलावर होते, बाटली माझ्या हाताशी होती. मी अॅसिड घेतलं ते चांगलं बोटभर. पुस्तकात पुढं लिहिलं होतं, अमोनिया घालून अॅसिड मारावं. मी घालत राहिले. अॅसिड मरेना. ट्यूब भरली, मग मी ते बीकरमध्ये ओतलं, बीकर भरायला आलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, शेजारची पोरं नाक धरून व्हरांड्यात पळाली, आणि माझा गुलाबी गाळ काही दिसेना. सर आले. ओरडतील म्हणून मी आधीच रडून घेतलं. ते बीकरकडे बघत म्हणाले, "आधी तूच भांडण लावलंस, मग मिटवायला तूच धावलीस. दोन्ही वेळची मेहनत तुझीच झाली की न्हाई?" मग त्यांनी नवी ट्यूब घेतली, तीन थेंबांत तोच प्रयोग करून दाखवला, आणि तळाशी असा गुलाबी रंग उतरला की मी रडायची थांबले. मी रसायनशास्त्र घ्यायचं ठरवलं ते त्या दिवशी. सरांना हे मी कधीच सांगितलं नाही, कारण त्यांनी "मग अमोनियाची भरपाई कोण करणार?" असंच विचारलं असतं.

त्यांच्या टेबलावर उदगीरहून आणलेला एक जांभा दगड असायचा, भोकाभोकांचा, तांबडा. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. एकदा तो हातात घेऊन ते म्हणाले, "ह्या दगडाला पावसानं लाखो वर्षं धुतलं. जे जाण्यासारखं होतं ते वाहून गेलं, लोखंड तेवढं चिवट, ते राहिलं. जगात काही ठिकाणी ह्याच्या भावकीतल्या मातीत निकेल बी राहतं." आम्ही विचारलं, आपल्याकडच्या दगडात आहे का? "असंल कणभर," सर म्हणाले, "पण ते काढायला जेवढं अॅसिड लागंल तेवढं ह्या कॉलेजाला मिळायला माझ्या दोन नोकऱ्या जातील." आणि दगड पुन्हा कागदांवर ठेवला.

पण लातूरात सरांना रसायनशास्त्रासाठी ओळखणारे थोडे. बहुतेक लोक त्यांना ओळखायचे ते पंगतीच्या अंदाजासाठी. घरात लग्न निघालं की आधी मुहूर्त, मग सर, असा गल्लीतला रिवाज होता. मुलीचे वडील वही घेऊन यायचे आणि सांगायचे की एवढी माणसं येणार. सर वहीकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्यांचे प्रश्न वेगळेच असायचे. वऱ्हाड कुठून येणार? ट्रकनं का एसटीनं? निघताना काही खाऊन निघतील का? त्यात म्हातारे किती, कॉलेजची पोरं किती, तालमीत जाणारे किती? देगलूरकडचे असतील तर भात वाढवा. हदगावचे असतील तर पोळ्या. "अन् नवरदेवाचं काय?" असं कुणी विचारलं की सर हसायचे. "त्याचं कशाला विचारता? सगळा थाट त्याच्यासाठी, पण त्याला घास तरी उतरतो का? जेवण वऱ्हाडाच्या भुकेवर शिजवायचं."

एका लग्नात मुलीच्या काकांनी सरांना टाळलं. ते कुठल्याशा कार्यालयात आकडेमोड करायचे. त्यांनी माणशी सरासरी काढली आणि आचाऱ्याच्या हातात कागद दिला. पहिल्याच पंगतीत भात संपला आणि बुंदीची दोन पातेली तशीच राहिली. सर पाहुणे म्हणून आले होते, पानावर बसून सगळं बघत होते. काका घाम पुसत त्यांच्याजवळ आले तेव्हा सर म्हणाले, "साहेब, मी एवढ्या पंगती बघितल्या, पण सरासरी पाहुणा अजून एकदाबी जेवायला आलेला बघितला न्हाई." मग उठले, लुंगीवाल्या आचाऱ्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले आणि बसण्याचा क्रमच बदलून टाकला. लांबून आलेले आधी. घरची पोरं सगळ्यात शेवटी. का, तर घरच्या पोरांपुढं उरलेलं काहीच टिकत नाही. त्या दिवशी बुंदीची दोन्ही पातेली त्या पोरांनी घासून पुसून दिली.

प्रयोगशाळेत अॅसिडच्या बाटल्या मांडणीवर ठेवायला सरांची सक्त मनाई होती. त्या लाकडी खोक्यांत वाळू भरून, तिच्यात रोवून, जमिनीवर ठेवलेल्या असायच्या. त्याचं कारण एक मांजर. उंदरांच्या मागं ते मांडण्यांवरून उड्या मारायचं, आणि सरांचा जीव बाटल्यांत अडकायचा. आम्ही यावरून त्यांची भरपूर टिंगल केली. मी बारावीला असताना भूकंप झाला. लातूर शहर तसं वाचलं, पण सकाळी आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्या मांडण्या पालथ्या पडलेल्या होत्या आणि जमिनीवर काचांचा खच होता. अॅसिडची एकही बाटली फुटली नव्हती. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सरांचं कौतुक केलं, दूरदृष्टी वगैरे म्हणाले. सर म्हणाले, "मांजरानं वाचवलं, सर."

त्याच आठवड्यात सर आम्हा दहाबारा जणांना घेऊन औशाच्या पुढं एका गावाबाहेरच्या शिबिरात गेले. तिथल्या चुलीचं काम त्यांच्याकडं आलं, ते येणारच होतं. सरांनी माणसं मोजली, पाव-भाकरीचे ट्रक कुठून येतात ते विचारलं आणि अंदाज दिला. पहिल्या दिवशी कुणी जेवलंच नाही. माणसं पानं समोर घेऊन नुसती बसून होती. संध्याकाळी आम्ही भात खड्ड्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सरांनी शिजवायचं निम्म्यावर आणलं. आणि तिसऱ्या दिवशी, दोन दिवस पाण्यावर काढलेली सगळी माणसं एकदम भुकेली झाली. पंगत अर्ध्यावर असतानाच भांडं रिकामं झालं. एक आजीबाई नातवाला कडेवर घेऊन ताटली पुढं धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मास्तर, पोराला पाणी द्या." आम्ही लगेच पुन्हा चूल पेटवली, तासाभरानं त्या जेवल्याही. पण सर टेम्पोच्या मागं जाऊन बसले होते. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "उरलेलं टाकून देता येतं, कंधार. त्या बाईला मी 'न्हाई' म्हणालो ते कुठं टाकू?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांचा तो चेहरा बघवला नाही.

शिबिराहून परतल्यावर सर पुन्हा थेंब मोजायला लागले, पुन्हा "बेतानं" सुरू झालं. फरक एवढाच पडला की थेंब सोडल्यावर ते लगेच पुढं सरकत नसत. क्षणभर थांबून विचारत, "पुरलं का?" आम्हाला वाटलं, म्हातारपण येतंय.

पुढच्या काळात लातूरचं नाव वेगळ्याच कारणानं गाजलं. चौकाचौकांत पोरांचे हसरे फोटो लागले, खाली गुण आणि नंबर. गल्ल्यांतून क्लासेस निघाले, क्लासच्या वर क्लास, खाली मेस, बाजूला झेरॉक्स. मी तोवर शिकून बाहेर पडले होते. सुट्टीत आले की सरांना भेटायचे आणि दर खेपेला प्रयोगशाळेतलं एक टेबल कमी झालेलं असायचं. पोरं दिवसभर क्लासला, प्रॅक्टिकलच्या वह्या तयार मिळायच्या. शेवटी त्या हॉलमध्ये बाकं टाकली आणि खोकी व्हरांड्यात आली. सर निवृत्त होऊन काकूंसह नांदेडला लेकीजवळ राहायला गेले. तिथं त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा मोठा क्लास होता, त्यानं आग्रहानं बोलावलं. सरांनी त्याच्याकडं थेंब मोजायची एक नळी, ब्युरेट, मागितली. त्यानं माईक दिला.

त्या क्लासात मी एकदा मागच्या बाकावर जाऊन बसले होते. दोनशे पोरं, गार हवा, आणि फळ्यासमोर आमचे सर. निकेलची परीक्षा शिकवत होते. खिशातून जपून ठेवलेला गुलाबी खडू काढून त्यांनी ट्यूबच्या तळाशी रंग भरला, बराच वेळ भरत राहिले. एका मुलानं हात वर केला. "सर, ह्यो गुलाबी म्हणजे ऑप्शन बी का सी?" सर म्हणाले, "बी," आणि खडू रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मला त्या मुलाचा भयंकर राग आला. सरांना आला नव्हता, म्हणून अजूनच आला.

क्लास सुटल्यावर त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. सरांनी विचारलं, "तुझ्या मातीचं काय?" मी भडाभडा सांगून टाकलं. वरच्या साहेबांनी शेवटची एक चाचणी मंजूर केली आहे. अॅसिडचे टँकर ठरवून दिलेत, आजवर लागायचे त्यापेक्षा कमी. तेवढ्या अॅसिडात ठरलेली माती संपवून निकेल बाहेर आलं तर कारखाना चालू राहील, नाही तर बंद. आणि माझ्या कुठल्याच गणितानं ते भागत नाही.

"घालता कसं?" सरांनी विचारलं.

"मातीच्या सगळ्या ढिगाची सरासरी काढतो. त्यावर थोडं जास्तीचं, कमी पडू नये म्हणून."

"अन् जास्तीचं उरतं, त्याचं?"

"चुना घालून मारतो."

सरांचा घास हातातच राहिला. स्वयंपाकघराकडं तोंड करून ते ओरडले, "ऐकलं का? कंधार अजून तेच करायली!"

काकू आतून म्हणाल्या, "करू द्या की, पोर दमून आली हाय."

मग सरांनी माझ्याकडं मातीतल्या एकेकाची चौकशी केली, अगदी वऱ्हाडाची करायचे तशी. मी सांगत गेले. निकेल नावापुरतं. पिवळ्या मातीत लोखंड भरपूर. ते आधी अॅसिड घेतं, पण बंद भांड्यात खूप तापवलं की गंजासारखं खाली बसतं आणि घेतलेलं अॅसिड सोडून देतं. हिरवट मातीत मॅग्नेशियम, ते घेतलेलं परत देत नाही. सर डोळे मिटून ऐकत होते. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "निकेल तुझा नवरदेव. लोखंड वाढपी, ताट घेऊन फिरतं अन् परत आणून ठेवतं. हावरं हाय ते मॅग्नेशियम. मग तू हावऱ्याला अन् वाढप्याला एकाच पानावर का बसवतीस? पिवळीला पहिल्या पंगतीला घे. तिचं उरलेलं आंबट पाणी चुन्याच्या नरड्यात नको घालू, त्यावर हिरवी सोड. घरची पोरं शेवटी. अन् प्रत्येक पोत्याची भूक वेगळी मोज."

हे सगळं पुस्तकांत होतं, असं म्हणायचा मला मोह झाला. पिवळी पहिल्या भांड्यात, हिरवी दुसऱ्या, ही कल्पना आम्हीही कागदावर मांडलेली होती. पण आमच्याकडं पिवळी-हिरवी पोती सगळी सरमिसळ यायची, आणि पोत्यापोत्याची भूक मोजत बसायला कुणाला वेळ होता? मी म्हणाले, "सर, तुम्हीच चला." ते म्हणाले, "मी? मला काय येतं त्यातलं?" मी म्हणाले, "भूक ओळखता." काकूंनी बाहेर येऊन सरांची पिशवी भरायला घेतली. त्यांना इतकं लवकर पटलं हे बघून सर जरा नाराजच झाले.

साहेबांना मी एवढंच सांगितलं की एक ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ भेटीला येणार आहेत. ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि स्वतःचा ड्रॉपर घेऊन गाडीतून उतरले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेडमध्ये ठाण मांडलं. प्रत्येक पोत्यातली चिमूटभर माती, मोजून अॅसिड, गरम पाण्यात तेवढाच वेळ ठेवायचं, मग उरलेलं अॅसिड किती ते थेंबाथेंबानं मोजायचं. जे गेलं ती त्या पोत्याची भूक. मग पोत्यावर खडूनं शेरा. "हावरं." "बेताचं." "वाढपी." आमचे कामगार सगळे ओडिया. त्यांना अर्थ कळायच्या आधी अक्षरं ओळखू यायला लागली. चौथ्या दिवशी आमचा फोरमन लांबून ओरडला, "मास्टरबाबू, ये भी हावरं!" सरांना तेव्हा झाला तेवढा आनंद मी त्यांच्या अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. खडू संपला तेव्हा त्यांनी खिशातला रुमाल सोडून गुलाबी काढला.

चाचणी सुरू झाली आणि अॅसिड खरंच वाचायला लागलं. पिवळी माती पहिल्या भांड्यात, तिचं उरलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात, त्यावर मोजून हिरवी. रोज मी टाकीची पातळी बघायचे आणि रोज ती माझ्या भीतीपेक्षा वर असायची. शेवटचे तीन दिवस उरले असताना भर दुपारी दुसरं भांडं घट्ट व्हायला लागलं. ढवळणारा पंखा कण्हायला लागला, आतला गाळ पिठल्यासारखा झाला. मी नमुना घेतला. आंबटपणा जवळजवळ संपला होता. त्या दिवशीची पोती खाणीच्या दुसऱ्या टोकाची होती आणि घाईत त्यातली निम्मी आम्ही न मोजताच घेतली होती. अजून काही वेळ तसंच राहिलं असतं तर सगळं भांडं थिजून दगड झालं असतं, आणि चाचणी तिथंच संपली असती.

अॅसिडचा नळ माझ्या हाताशी होता. पण टाकीत उरलेलं प्रत्येक माप मला पाठ होतं. आता ओतलं तर शेवटच्या दिवशी कमी पडेल. मी म्हणाले, "थोडंसं घालून बघू."

"ओत," सर म्हणाले.

"सर, थोडं थोडं..."

"ओत म्हणतो ना! चांगलं भरून ओत!"

उभ्या आयुष्यात या माणसाच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता. "सर, तुम्हीच तर शिकवलंत, बेतानं."

"बेतानं म्हणजे कमी, हे तुला कुणी सांगितलं?" सर चिडले होते. "लागतं तेवढं द्यायचं, त्याला बेत म्हणतेत! पंगत उपाशी उठवायला न्हाई शिकवलं मी तुला!"

मला शिबिरातला टेम्पो आठवला. मी नळ पूर्ण उघडला. फोरमननं हिरव्या मातीची पोती थांबवली. पंखा कण्हत राहिला, मग हळूहळू मोकळा फिरायला लागला. भांडं वाचलं. सर एका पोत्यावर जाऊन बसले आणि घाम पुसायला त्यांनी गुलाबी डागांचा तोच रुमाल काढला. उरलेले तीन दिवस आम्ही एकही पोतं न मोजता आत जाऊ दिलं नाही. शेवटच्या संध्याकाळी टाकीच्या तळाशी अॅसिड शिल्लक होतं. फार नव्हतं, घागरभर म्हणा. साहेबांनी स्वतः शिडी चढून ते बघितलं आणि खाली उतरून माझ्याशी हात मिळवला. मी सरांकडं बोट दाखवलं, पण तोवर साहेब फोनवर बोलायला लागले होते.

स्टेशनवर सरांना सोडायला गेले तेव्हा मला वाटलं, आज तरी काही चांगलं बोलतील. गाडी येईपर्यंत ते चुना अजून कुठं कुठं जास्त जातो हेच सांगत होते. मी शेवटी विचारलंच, "सर, चाचणी कशी झाली?" ते म्हणाले, "एक दुपार बेफिकीर झालीस." गाडी आली, ते चढले, पिशवी वर ठेवली आणि खिडकीशी येऊन विचारलं, "आता बंद तर न्हाई ना करणार?" मी नाही म्हणाले. "नक्की?" मी म्हणाले, "नक्की, सर." गाडी हलली तरी ते माझ्याकडं संशयानंच बघत होते.

हा संशय काही गेला नाही. त्यानंतर दर रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन यायचा. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. "चालू हाय ना?" मी म्हणायचे, "चालू हाय, सर." की फोन बंद. फोनवरचं बोलणंसुद्धा त्यांनी थेंबाथेंबानंच वाढलं. मी कधी चिडायचे, कधी मुद्दाम लांबण लावायला बघायचे, पण तोवर पलीकडं कुणी नसायचं. अशी कित्येक वर्षं गेली. पोळ्याच्या आसपास सर गेले. मी नांदेडला पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दारात भाजीवाली बसली होती, तिनं मला निरखून विचारलं, "तुमीच का त्या कारखान्यावाल्या? मास्तर रोज सांगायचे, माझ्या पोरीचा कारखाना चालू हाय म्हणून." मी तिच्या टोपल्यांशेजारी ओट्यावर बसले आणि खूप रडले. माझ्यासमोर एकदाही म्हणाले नव्हते ते असं काही.

परत येऊन कामाला लागले. रविवार आला. नऊच्या सुमारास मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दिला होता, तरी तो वाजलाच. पडद्यावर सरांचा नंबर. घ्यायला मला बराच वेळ लागला. पलीकडं काकू होत्या.

"पोरी, मला त्यातलं काही कळत न्हाई बघ," त्या म्हणाल्या. "पण रविवार हाय, नऊ वाजले, अन् ह्या घरातून कुणीतरी विचारायला पाहिजे म्हणून विचारते. चालू हाय ना?"

"चालू हाय, काकू," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.